मुलींची एक लस आणि घरांतला संकोच

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं एका पत्राला खासगी उत्तर न धाडतां येथेंच उत्तर द्यावें, असें आम्हीं ठरविलें आहे. कारण त्यांतील अडचण एका घरापुरती नाहीं. पत्र एका तालुक्याच्या गांवाहून आलें आहे. लिहिणाऱ्या बाई घरांतील थोरल्या सूनबाई. दोघे भाऊ, दोघी जावा, सासूबाई, आणि १४, ११ व १० वर्षांच्या तीन मुली असें हें एकत्र कुटुंब. धाकटीला खोकला झाला म्हणून दवाखान्यांत नेली असतां डॉक्टरांनीं सहज विचारलें, "मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस दिली आहे ना? नसेल तर तिघींनाहि देऊन टाका." घरीं आल्यावर धाकट्या जाऊबाईंनीं जेवणाच्या वेळीं हा विषय काढला. सासूबाई स्वतः बी. ए. झालेल्या आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या. हा रोग कशानें होतो, असें त्यांनीं विचारलें. उत्तर ऐकून घेतलें, आणि "आपल्या घरच्या मुलींना ह्याची काय गरज?" एवढेंच म्हणून त्या ताटावरून उठल्या. पुरुषमंडळींनीं तर मान वर केली नाहीं. ह्या गोष्टीला चार महिने होऊन गेले. त्यानंतर तो विषय घरांत कोणी काढलेला नाहीं. बाई आम्हांस विचारतात कीं, आतां तो काढावा कसा?

सासूबाईंच्या प्रश्नास आम्ही अडाणीपणाचा प्रश्न म्हणणार नाहीं. मुलीला कांहीं टोचावयाचें म्हटल्यावर तें कशासाठीं, असें विचारणारी आजी घरांत असणें ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न रास्त आहे. त्याच्या पोटांत दडलेलें गृहीतक तेवढें चुकीचें आहे. तें असें कीं, हा रोग वाईट चालीच्या माणसांना होतो, आणि म्हणून लस देणें म्हणजे मुलीच्या पुढील वर्तनाविषयीं आधींच शंका घेणें होय. सासूबाईंनीं हें बोलून दाखविलें नसेल. पण चार महिने ज्या घरांत कोणी तोंड उघडीत नाहीं, तेथें सर्वांच्या मनांत हेंच असलें पाहिजे.

ह्या समजुतीचें मूळ जुनें आहे. इटलींतील व्हेरोना शहरीं रिगोनी-स्टर्न नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं आपल्या शहरांतील १७६० ते १८३९ पर्यंतच्या मृत्युनोंदी चाळल्या, आणि १८४२ सालीं असें दाखविलें कीं, गर्भाशयाचा कॅन्सर विवाहित स्त्रियांत व विधवांत पुष्कळ आढळतो. ख्रिस्ती मठांतील जोगिणींत मात्र क्वचित्. ह्यावरून सरळ बुद्धीच्या माणसानें काढावयाचा निष्कर्ष एवढाच कीं, ह्या रोगाचा संसाराशीं कांहीं संबंध आहे. व्हेरोनाच्या नोंदींत कुमार्गी स्त्रियांचा वेगळा रकाना नव्हता. होत्या त्या चारचौघींसारख्या नांदत्या बायका. परंतु लोकांच्या मनांत ह्या रोगाचें नातें पापाशीं जुळलें तें जुळलेंच.

खरें कारण हातीं यावयास १९८० च्या पुढचा काळ उजाडावा लागला. जर्मनींतील हाराल्ड त्सूर हाउझेन ह्यांनीं चामखिळी उत्पन्न करणाऱ्या विषाणूंच्या कुळाकडे बोट दाखविलें, तेव्हां बहुतेक शास्त्रज्ञांचा संशय दुसऱ्याच एका विषाणूवर होता. त्यांनीं आपला हेका सोडला नाहीं. १९८३ सालीं ह्या कुळांतील १६ व्या क्रमांकाचा आणि पुढच्याच वर्षीं १८ व्या क्रमांकाचा विषाणु त्यांच्या मंडळींनीं कॅन्सरच्या गांठींतून हुडकून काढला. २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. जगांतील गर्भाशयमुखाच्या कॅन्सरांपैकीं सुमारे ७० टक्के ह्या दोन प्रकारांमुळें होतात, असें आतां ठरलेलें आहे.

ह्या कुळाचें नांव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संक्षेपानें एच. पी. व्ही. त्याचे दोनशेंहून अधिक प्रकार आहेत. शाळकरी पोरांच्या बोटांवर येणारी साधी चामखीळ ही ह्याच कुळांतील कांहीं निरुपद्रवी भावंडांची करणी. दुसरे कांहीं प्रकार जननेंद्रियांच्या त्वचेवर व आंतल्या नाजूक अस्तरावर वस्ती करतात आणि शरीरसंबंधांत कातडीला कातडी लागल्यानें एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हे इतके सर्वत्र पसरलेले आहेत कीं, ज्यांचें वैवाहिक जीवन सुरू झालें आहे अशा बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यांत केव्हांना केव्हां त्यांचा संसर्ग होऊन जातो. होऊन जातो, असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. ताप नाहीं, दुखणें नाहीं, कसलें चिन्ह नाहीं. आणि दहांपैकीं सुमारे नऊ जणांच्या बाबतींत वर्षादोनवर्षांत शरीर आपण होऊनच त्याला घालवून देतें. किशोरवयांत व ऐन तारुण्यांत तर हें फारच खरें आहे. म्हणून कोवळ्या वयाच्या मुलींची ह्या विषाणूसाठीं तपासणी करीत बसूं नये, असें डॉक्टर सांगतात. लस देण्यापूर्वींहि अशी तपासणी लागत नाहीं. अडचण उरलेल्या थोड्यांची. त्यांच्या शरीरांत तो चिवटपणें राहून जातो, पेशींच्या रचनेंत हळूहळू बिघाड करतो, आणि पंधरा-वीस वर्षांनीं, केव्हां त्याहूनहि उशिरां, त्याचा कॅन्सर होतो. कोणाच्या बाबतींत तो राहील आणि कोणाच्या बाबतींत जाईल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

आतां "आपल्या घरच्या मुली" ह्या शब्दांकडे वळूं. मुलगी सासरीं गेली, तिनें जन्मभर एका पतीवांचून दुसऱ्या पुरुषाचें तोंड पाहिलें नाहीं, तरी तिला हा संसर्ग होऊं शकतो. संसर्गाला लागतात दोन माणसें. आणि जांवईबुवांच्या गतायुष्याची पत्रिका कोणी कोणास दाखवीत नाहीं. त्यांच्याहि अंगीं कसलें लक्षण नसल्यामुळें त्यांना स्वतःला तरी काय ठाऊक असणार? किशोरवयांतील संसर्ग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें परदेशांतील स्वैर मुलेंमुली येतात. पण २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, आपल्या देशांत विशीच्या चार-पांच वर्षांतील स्त्रियांपैकीं शंभरांत २३ जणींचीं लग्नें अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालीं होतीं. महाराष्ट्रांतहि प्रमाण सुमारे २२ आहे. ह्या मुलींना किशोरवयांत हा विषाणु भेटतो तो अंतरपाट दूर झाल्यावर, पतीच्या घरीं.

येथें आमच्या स्वतःच्या कुटुंबांतील एक गोष्ट सांगणें आम्हांस भाग आहे. आमच्या एका आत्याबाई सतराव्या वर्षीं सासरीं गेल्या. चार मुलें, मोठें घर, आल्यागेल्याचें सारें त्याच बघत. पाळी जाऊन दोन वर्षें झाल्यावर त्यांच्या अंगावरून पुन्हां रक्त जाऊं लागलें. वयाचा दोष म्हणून त्यांनीं तें सात-आठ महिने कोणास सांगितलें नाहीं. सुनेच्या दृष्टीस पडलें तेव्हां उपचाराची वेळ टळून गेली होती. पुढें त्या सवा वर्ष होत्या. ह्या अवधींत घरांत त्या रोगाचें नांव कोणीं उच्चारलें नाहीं. पाहुण्यांना "पोटाचें दुखणें" म्हणून सांगत, आणि त्यांच्या सख्ख्या मुलींनाहि तेंच सांगितलें गेलें. बारा वर्षांनीं माळ्यावरची ट्रंक आवरतांना दवाखान्याचे कागद निघाले, तेव्हां मुलींना आपली आई कशानें गेली हें कळलें. आत्याबाईंच्या शीलाविषयीं त्यांच्या वैऱ्यानेंहि ब्र काढला नसता. मग नांव लपविलें कोणासाठीं? आमच्याच वडीलधाऱ्यांनीं तिची अब्रू राखण्याच्या भरांत तिच्या दुखण्याला न केलेल्या गुन्ह्याचें स्वरूप दिलें, असें आम्हांस आज वाटतें. आणि तेव्हां आम्हीहि गप्प होतों.

हें दुखणें विरळा नाहीं. २०२२ सालीं भारतांत सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाल्याचा आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्यानें दगावल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. ह्यांतील बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या, म्हणजे मुलांच्या परीक्षा, लेकीचें लग्न, सासूबाईंची शुश्रूषा हीं सारीं ओझीं एकाच वेळीं डोक्यावर असलेल्या.

तरी दहा-बारा वर्षांच्या पोरीला इतक्या लवकर कां, हा प्रश्न राहतोच. त्याचें उत्तर शरीराच्या रीतींत आहे. ही लस झालेला संसर्ग काढून टाकूं शकत नाहीं; ती येणाऱ्याला दारांत अडविते. तेव्हां ती विषाणु भेटण्याच्या आधीं दिली तरच तिचा पुरा उपयोग. शिवाय ९ ते १४ ह्या वयांत शरीर लशीला जो जोरदार प्रतिसाद देतें, तो पुढें तितका देत नाहीं. ह्यामुळेंच लहानपणीं कमी मात्रांत काम भागतें. मुंज आठव्या वर्षीं करतात ती मुलगा त्या वर्षीं वेदशास्त्रसंपन्न होतो म्हणून नव्हे. स्वीडनमध्यें सोळा लाखांहून अधिक मुली व स्त्रियांच्या नोंदी तपासून २०२० सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत सतराव्या वर्षापूर्वीं लस घेतलेल्यांमध्यें हा कॅन्सर ८८ टक्क्यांनीं कमी आढळला. ज्यांनीं त्या वयानंतर घेतली त्यांना लाभ झाला, पण पुष्कळच कमी.

लशींत जिवंत विषाणु नसतो, मेलेलाहि नसतो. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें इयान फ्रेझर व जियान झोउ ह्या दोघांनीं १९९१ सालीं विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचें प्रथिन तेवढें तयार करून त्याचे गोळे आपोआप जुळून येतात, असें दाखविलें. पाणी व खोबरें काढून घेतलेली नारळाची करवंटी जशी, तसा हा प्रकार. शरीर करवंटीवरून नारळ ओळखावयास शिकतें. करवंटीतून झाड मात्र उगवत नाहीं. ह्या शोधावरून पुढें लस झाली आणि २००६ पासून ती वापरांत आली. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें केलेल्या लशीस जुलै २०२२ मध्यें परवानगी मिळाली.

वंध्यत्व येतें, मुली अपंग होतात, असल्या वार्ता आमच्याहि कानांवर आल्या आहेत. कोट्यवधि मात्रा दिल्यानंतरहि मूल होण्याच्या शक्तीवर ह्या लशीचा दुष्परिणाम होतो, असें कोठेंहि आढळलेलें नाहीं. दंड दुखतो, थोडी कणकण येते, आणि ह्या वयाच्या कांहीं मुलींना सुईच्या धसक्यानें घेरी येते. वार्तांनीं काय होतें, तें जपाननें पाहिलें. तेथें एप्रिल २०१३ मध्यें ही लस नित्याच्या लसीकरणांत आली. मुलींच्या हातापायांत कळा येतात, त्यांना चालतां येत नाहीं, अशा हकीकती वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून झळकल्या, आणि अवघ्या दोन महिन्यांत सरकारनें तिची शिफारस थांबविली. लस घेणाऱ्या मुलींचें प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याहि खालीं गेलें. तपासाअंतीं लशीकडे दोष आला नाहीं. तरी शिफारस पुन्हां सुरू व्हावयास एप्रिल २०२२ उजाडला.

आपल्या देशांतील भीतीला मात्र निराळें कारण घडलें आहे, आणि तें झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. २००९ सालीं आंध्र प्रदेशांतील (आतांच्या तेलंगणांतील) खम्मम आणि गुजरातेंतील वडोदरा ह्या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या हजारों मुलींना ही लस प्रायोगिक उपक्रम म्हणून देण्यांत आली. त्यांपैकीं सात मुली दगावल्या आणि एप्रिल २०१० मध्यें काम बंद पडलें. चौकशींत ह्या मृत्यूंचीं कारणें सर्पदंश, पाण्यांत बुडणें, विषप्राशन, हिवताप अशीं निघालीं; लशीशीं त्यांचा संबंध आढळला नाहीं. पण दुसरें जें निघालें तें वाईट होतें. खम्ममकडील कित्येक मुली आदिवासी, वसतिगृहांत राहणाऱ्या. त्यांच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या जागीं मुख्याध्यापकांच्या व वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. २०१३ सालीं संसदेच्या समितीनें ह्याबद्दल कडक ताशेरे ओढले, आणि ते यथार्थच होते. ज्या मुलीच्या दंडांत सुई जाते तिला व तिच्या आईला कशाचा कांहीं पत्ता नसावा, हें चांगल्या कामालाहि शोभत नाहीं.

त्याच थांबलेल्या कामाची एक बाजू आमच्या वाचकांस फारशी ठाऊक नसेल. त्याच सुमारास पुणें, बार्शी वगैरे नऊ ठिकाणीं, लशीच्या दोन मात्रा पुरतात कीं तीन लागतात, हें पाहण्याचा एक स्वतंत्र अभ्यास चालू होता. सरकारी आज्ञेनें तोहि अर्ध्यावर थांबला, आणि सुमारे पांच हजार मुली एकच मात्रा मिळून राहिल्या. डॉ. शंकरनारायणन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या मुलींचा मागोवा सोडला नाहीं. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, १६ व १८ ह्या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग एका मात्रेनेंहि सुमारे ९५ टक्के टळतो. दोन किंवा तीन मात्रांहून तें संरक्षण उणें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ च्या डिसेंबरांत, ९ ते १४ वर्षांच्या मुलींना एक मात्रा दिली तरी चालेल, असें म्हटलें, त्याच्या आधारांत हा अभ्यास एक होता. बार्शीसारख्या गांवच्या मुलींचें हें देणें जगाला उपयोगी पडलें आहे.

तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचें सांगणें असें कीं, विषय काढावयाचा तर तो मुलींना वगळून काढूं नये. सर्वांनीं मिळून ठरवावें आणि मुलीस मात्र "शक्तीचें इंजेक्शन आहे" म्हणून दवाखान्यांत न्यावें, ही युक्ति आम्हीं सुशिक्षित घरांतून पाहिली आहे. तो खम्ममचाच प्रकार, जागा तेवढी निराळी. दहा वर्षांच्या मुलीला एवढें सांगितलें तरी पुरे कीं, बाळ जेथें वाढतें त्या पिशवीच्या तोंडाशीं मोठेपणीं एक वाईट रोग होऊं शकतो, तो होऊं नये म्हणून ही लस. चौदा वर्षांच्या मुलीला पाळी आलेली असणार, शाळेंत तिनें शरीरशास्त्र वाचलेलें असणार. तिला विषाणु कसा पसरतो हेंहि सांगावें. ती लाजेल, कदाचित् एखादा प्रश्न विचारील, आणि तो प्रश्न आईपेक्षां काकूला विचारणें तिला सोपें जाईल. एकत्र कुटुंबांत काकू असते, हा आमच्या मतें त्या पद्धतीचा मोठा लाभ आहे; तो अशा वेळीं घ्यावा. लशीनें मुली बहकतील ही धास्ती कोणी बोलून दाखविली, तर धनुर्वाताची लस घेतलेलीं मुलें मुद्दाम गंजक्या खिळ्यांवर नाचत नाहींत, एवढें उत्तर पुरे.

सासूबाईंशीं बोलतांना मुलींपासून आरंभ करण्याऐवजीं त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीपासून करावा, असेंहि आम्हांस सुचवावेंसें वाटतें. लस सारे प्रकार अडवीत नाहीं, आणि घरांतील सुनांचें लशीचें खरें वय केव्हांच मागें पडलें. त्यांच्यासाठीं तपासणी आहे. धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) जिल्ह्यांत १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. तिशी ते साठीच्या दरम्यान एकदां जरी ह्या विषाणूची तपासणी केली, तरी ह्या कॅन्सरनें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर येतात, असें त्यांत दिसलें. मुंबईच्या टाटा रुग्णालयानें तर दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना महिनाभर शिकवून, व्हिनेगर लावून गर्भाशयाचें मुख डोळ्यांनीं पाहण्याच्या साध्या रीतीनें गरीब वस्त्यांतील मृत्यूंत ३१ टक्के घट करून दाखविली. दोघी जावांनीं ही तपासणी करून घ्यावी. सासूबाईंनाहि बरोबर न्यावें. त्यांच्या वयाला काय करणें योग्य तें डॉक्टरीणबाई सांगतील. पाळी गेल्यावर रक्त दिसणें, संबंधानंतर रक्त जाणें, घाण वासाचा स्राव होणें, ह्यांपैकीं कांहींहि झालें तर वयाचा दोष म्हणून बसूं नये, हें आमच्या आत्याबाईंच्या निमित्तानें पुन्हां सांगतों.

राहिल्या चार व्यवहाराच्या गोष्टी. खासगी दवाखान्यांतून १५ वर्षांखालील मुलींना सामान्यतः सहा महिन्यांच्या अंतरानें दोन मात्रा देतात, पुढच्या वयाच्या मुलींना तीन. म्हणून थोरल्या मुलीचा पंधरावा वाढदिवस येण्यापूर्वीं पहिली मात्रा व्हावी हें बरें. किंमत लशीलशीगणिक निराळी पडते. ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याचें केंद्रसरकारनें फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पी भाषणांत जाहीर केलें होतें, तेव्हां जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत आधीं विचारून पाहावें. ज्यांच्या घरीं मुलगे आहेत त्यांनींहि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. घशाचे कांहीं कॅन्सर ह्याच विषाणूमुळें पुरुषांना होतात, आणि पुण्याच्या लशीस मुलग्यांसाठींहि परवानगी आहे. मुलींना उपाशीपोटीं नेऊं नये. टोचल्यावर पंधरा मिनिटें बसवून ठेवावें. गरोदरपणीं ही लस देत नाहींत. मुलीला कसली गंभीर ॲलर्जी किंवा जुनें दुखणें असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें.

हा मजकूर त्या घरीं पोंचेल तेव्हां तो सासूबाईंच्याच हातीं प्रथम पडण्याचा संभव आहे, कारण अंक आधीं त्या वाचतात असें पत्रांत लिहिलें आहे. त्यांस आमची एवढीच विनंति कीं, वाचून झाल्यावर अंक कपाटांत न ठेवतां जेवणाच्या टेबलावर ठेवावा. आणि आमचें म्हणणें त्यांस पटलें नसल्यास, कोठें पटलें नाहीं तें त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहून कळवावें. पुढील अंकांत त्या पत्रासाठीं जागा राखून ठेवीत आहों.